तुम्ही विचारलंत म्हणून : गूफी बोलतो, मग प्लूटो का नाही?

मी अ‍ॅनिमेशन शिकवतो म्हटलं की हा प्रश्न येतोच. विद्यार्थी विचारतात, त्यांचे पालक विचारतात, लग्नकार्यात भेटलेले नातेवाईकही विचारतात. डिस्नेच्या मिकी माउस कार्टूनमधला गूफी कुत्रा आणि प्लूटोही कुत्रा. मग एक पँट-टोपी घालून दोन पायांवर हिंडतो, गप्पा मारतो आणि दुसऱ्याच्या गळ्यात पट्टा, हे कसं?

माझं उत्तर असं, की गूफी आवाजातून जन्मला आणि प्लूटो नाकातून.

१९३०च्या ‘द चेन गँग’ या कार्टूनपटात मिकी तुरुंगातून पळतो आणि त्याच्या मागावर ब्लडहाउंड सोडले जातात. जमिनीला नाक लावून माग काढणारे हे कुत्रे रंगवले होते डिस्नेतले अ‍ॅनिमेटर नॉर्म फर्ग्युसन यांनी. त्या कुत्र्यांना नाव नव्हतं. त्याच वर्षी ‘द पिकनिक’मध्ये तसाच कुत्रा मिनीचा रोव्हर म्हणून आला. १९३१च्या ‘द मूस हंट’मध्ये तो मिकीचा झाला आणि प्लूटो म्हणवू लागला. (तेव्हा ग्रह मानल्या गेलेल्या प्लूटोचं बारसं त्याआधीच, १९३०मध्ये झालं होतं.) गंमत म्हणजे ‘द मूस हंट’मध्ये प्लूटोच्या तोंडी चक्क शब्द आहेत. पण स्टुडिओनं ती वाट पुढे धरली नाही. मिकी-मिनी बोलत होतेच. प्लूटो मुका राहिला म्हणूनच त्याचं कुत्रेपण टिकलं, असं मला ठामपणे वाटतं.

गूफी आला १९३२च्या ‘मिकीज रेव्ह्यू’त. प्रेक्षकांत बसून शेंगा खाणारा, खिंकाळल्यासारखा हसणारा दाढीवाला म्हातारा. त्याला नाव पुढे मिळालं, रूपही बदललं, पण ते हसू राहिलं. ते होतं पिंटो कॉल्विग यांचं, आणि प्लूटोचं भुंकणं-गुरगुरणंही पुष्कळदा त्यांचंच. माणूस एकच, पण एका पात्राला त्यानं भाषा दिली आणि दुसऱ्याला नुसता श्वास.

आता मुक्या प्राण्याच्या डोक्यात काय चाललंय, हे पडद्यावर दाखवायचं कसं? याचं उत्तर १९३४च्या ‘प्लेफुल प्लूटो’त आहे, आणि ते मी वर्गात पुन:पुन्हा दाखवतो. प्लूटो हुंगत हुंगत जातो आणि माश्या पकडायचा चिकट कागद त्याच्या नाकाला चिकटतो. नाकाचा सोडवावा तर पंजाला, एका पंजाचा सोडवावा तर दुसऱ्याला. मग तो बसतो, तर पार्श्वभागाला. प्रसंग सुचला स्टुडिओतले गोष्टकार वेब स्मिथ यांना, चित्रं फर्ग्युसन यांची. एवढ्याशा कागदावर कितीतरी वेळ खेळ चालतो आणि प्रत्येक झटापटीच्या मधे प्लूटो थांबतो. भुवई उचलतो, कागदाकडे बघतो, मग थेट आपल्याकडे बघतो. तो विचार करतोय, हे आपल्याला कळतं. त्याआधी बहुतेक कार्टूनमधली पात्रं पळायची, पडायची, ताणली जायची. इथे हसू येतं ते पडण्याचं नाही. डोक्यात बेत शिजताना दिसतो, त्याचं. बारकाईनं बघा, कागद जवळजवळ काहीच करत नाही. सगळी करामत थांबण्यात आहे. माझ्या विद्यार्थ्यांना हे थांबणंच सगळ्यात जड जातं. त्यांना वाटतं, चित्र हललं नाही की मेलं.

फर्ग्युसन यांनी चित्रकलेचं औपचारिक शिक्षण घेतलेलं नव्हतं. त्यांची रेघ कच्ची, झरझर ओढलेली असायची आणि ती स्वच्छ करायचं काम सहायकाकडे जायचं. मला यात मोठा धीर दिसतो. ‘स्नो व्हाइट’मधली म्हातारी चेटकीणसुद्धा त्यांचीच.

या स्टुडिओचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. डिस्नेत अनेक वर्षं काम केलेले क्लेअर वीक्स १९५६मध्ये फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपटसंस्थेत आपल्या चित्रकारांना कार्टून शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या राम मोहन यांनी पुढे इथल्या अ‍ॅनिमेशनची पिढी घडवली. त्यामुळे प्लूटोच्या घराण्याशी आपलं दूरचं नातं आहे, असं मी मानतो.

प्लूटोला ऑस्कर मिळवून दिलं ते १९४१च्या ‘लेंड अ पॉ’नं. नदीतून वाहत आलेलं मांजराचं पिल्लू तो वाचवतो, मिकी त्याचे लाड करू लागला की जळफळतो आणि शेवटी त्यालाच विहिरीतून बाहेर काढतो. गोड गोष्ट आहे. पण त्यात प्लूटोच्या मनातलं द्वंद्व एक छोटा देवदूत आणि एक छोटा सैतान बोलून दाखवतात. चिकट कागदाच्या वेळी जे नुसत्या भुवईनं कळलं होतं, त्यासाठी इथे दोन बोलकी पात्रं लागली. बक्षीस याला मिळालं असलं तरी माझं माप ‘प्लेफुल प्लूटो’च्याच पदरात.

घरात चित्रं काढणारं मूल असेल तर त्याला तो प्रसंग आवाज बंद करून दाखवा. प्लूटो थांबला की तुम्हीही चित्र थांबवा आणि विचारा, आता याच्या मनात काय आलं असेल? मुलं चटकन सांगतात.