पाणी, वाळू आणि देवणी

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र नाही. तरी किनाऱ्यावर चरणाऱ्या गुरांचं चित्र इथल्या कितीतरी बैठकीच्या खोल्यांत हमखास दिसतं. गंमत पाण्यात नाही, गाईंत आहे. त्या पार हॉलंडच्या असतात: पाठ सपाट, वशिंडाचा पत्ता नाही, गळ्याखाली लोंबती पोळी नाही. ही तऱ्हा रुजवली तिकडच्यांनीच. डच चित्रकार पाउलुस पॉटरचा १६४७ सालचा बैल हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये आहे, तीन मीटरहून जास्त रुंद कॅनव्हासवर. आपण मात्र बैलासोबत त्याची जातही उचलली.

खरं तर उन्हाळ्यात पैठणला नाथसागराच्या काठी जावं. पाणी मागं सरकलेलं असतं, गाळपेरीच्या जमिनीत गुरं सुटलेली असतात आणि पलीकडचा काठ इतका लांब, की समुद्रच म्हणावा.

जलरंगातलं असं चित्र बहुतेकदा बिघडतं ते क्षितिजापाशी. उभ्या माणसाचे डोळे साधारण पाच फुटांवर, गाईची पाठ चार फुटांवर. म्हणजे सपाट काठावर जवळच्या गाईची उंची कागदावर ४ सेंमी असेल, तर क्षितिज तिच्या पाठीच्या १ सेंमी वर. लांबची १ सेंमीची असेल, तर पाव सेंमी वर. हे प्रमाण चुकलं की लांबची गाय वासरू तरी दिसते नाहीतर हवेत तरंगते. जमिनीवर फतकल मारून काढायला बसलात, तर तीच रेघ सगळ्या गाईंच्या पोटांतून जाते. दोन्ही चालतं, पण एकाच चित्रात नाही.

देवणी ही आपल्याकडची काळ्या ठिपक्यांची पांढरी गाय. तिला पांढरा रंग लावू नये, कागद तसाच सोडावा. सावलीच्या बाजूला अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा पातळ राखाडी, पोटाखाली वाळूचा उजेड म्हणून येलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, हलका हात. काळे ठिपकेही याच दोन रंगांचे, घट्ट कालवून. ते बरगडीच्या गोलाईवरून वळले पाहिजेत, नाहीतर अंगावर कागद चिकटवल्यासारखे दिसतात. लाल कंधारी या इथल्या दुसऱ्या जातीला बर्न्ट सिएना जवळजवळ तयारच मिळतो.

सावली आणि प्रतिबिंब यांची सरमिसळ तर नेहमीची. सावली सूर्य नेईल तिकडे पडते, पण ओल्या वाळूतलं प्रतिबिंब खुरापासून सरळ खालीच उतरतं, पांढऱ्या गाईचं जरा मळकं, काळ्या म्हशीचं जरा फिकं.

आभाळ मात्र आपल्याकडे वेळ देत नाही. मे महिन्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, ब्रशमागोमाग वाळतो आणि मधेच कडक कड उमटते. कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) घ्यावा, दोन्ही बाजूंनी भिजवून फळीवर बसवावा आणि रंग लागेल त्याच्या दुप्पट आधीच कालवून ठेवावा. अर्धं आभाळ झाल्यावर पुन्हा तीच छटा कालवायला बसलात, की संपलं.

गाईचे मागचे पाय ज्यांना जमत नाहीत, त्यांनी तूर्त पाण्यात बसलेल्या म्हशी काढाव्यात.