इम्युनिटी वाढवू नको, मावशी

रविवारी रात्री साडेआठला मी इंजेक्शन फ्रीजमधून काढून ओट्यावर ठेवते. गारच टोचलं तर मांडी दोन दिवस ठणकते. आधी पॅरासिटामॉल, मग सुई, आणि अकराच्या सुमारास हुडहुडी. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएसवरचं इंटरफेरॉन बीटा, आठवड्यातून एकदा, गेली नऊ वर्षं.

या रविवारी मावशी आली होती. पिशवीतून गुळवेलीच्या काढ्याची बाटली काढून म्हणाली, "तुझी इम्युनिटी कमी पडते, बाई. महिनाभर घे हे."

एमएस म्हटलं की दहातले नऊ जण हेच सांगतात. पण माझी प्रतिकारशक्ती कमी नाही, उलट जरा जास्तच कामसू आहे. फक्त जाते भलत्याच पत्त्यावर, आणि मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडत बसते. माझा पहिला घाव डाव्या डोळ्याच्या नसेवर पडला. २०१५च्या हरतालिकेला आरशासमोर सहज उजवा डोळा मिटला, तर कपाळावरचं कुंकू विटकरी, धुवून काढल्यासारखं. उजव्याने पाहिलं तर लालभडक. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. निदान व्हायला पुढे दोन वर्षं गेली.

मी बँकेत आहे, म्हणून मावशीला बँकेच्याच भाषेत सांगितलं. आमच्याकडे मेकर-चेकर असतात. एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने तपासून पास करायची. अंगातही असे चेकर आहेत. त्यांना रेग्युलेटरी टी पेशी म्हणतात, आणि आपल्याच शरीरावर धावून जाणाऱ्या पेशींना आवरणं हे त्यांचं काम. जपानच्या शिमोन साकागुचींनी त्या १९९५मध्ये दाखवून दिल्या. २००१मध्ये अमेरिकेत मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी खपल्या धरलेल्या, जेमतेम काही आठवडे जगणाऱ्या उंदरांमध्ये फॉक्स-पी-३ या जनुकातला बिघाड शोधला. हे जनुक चालू असलं तरच पेशी चेकर होते. २०२५च्या ऑक्टोबरात तिघांना नोबेल मिळालं. स्वीडनचा नंबर पाहून ब्रन्कोबाईंनी स्पॅम समजून फोनच घेतला नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं.

माझ्यासारख्यांचं काय होतं, ते बोस्टनच्या एका गटाने २००४मध्ये तपासलं होतं. एमएसच्या रुग्णांच्या रक्तात चेकर मोजले तर निरोगी माणसांइतकेच भरले. पण त्यांना कामाला लावलं तर दुसऱ्या पेशींना आवरण्यात कमी पडले. हजेरीपट पूर्ण, तपासणी ढिली. आमच्या शाखेत मार्चअखेरीला अगदी हेच होतं.

"म्हणजे आईकडून आलं का हे?" मावशीने हळूच विचारलं. तिची बहीण ना ती. या आजाराशी जोडलेल्या २००हून जास्त जागा जनुकांमध्ये सापडल्या आहेत, पण एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला एमएस झाला तरी दुसऱ्याला होतो तो चारातल्या साधारण एकालाच. जनुक अंगात असणं वेगळं आणि ते चालू-बंद होणं वेगळं. आईच्या माथी काही मारू नकोस म्हटलं.

"मग सुई काहून टोचून घेते?"

कारण इंटरफेरॉन काही जनुकं जागी करतं. एमएक्स-१ नावाचं एक आहे. सुई दिल्यावर काही तासांत रक्तात त्याची हालचाल वाढते, म्हणून औषध पोचतंय का याची ती खूण धरतात. काहींच्या शरीरात औषधाविरुद्धच अँटिबॉडीज तयार होतात. मग दर रविवारी सुई जाते आणि एमएक्स-१ ढिम्म.

आणि गुळवेल? यंत्रणा चेतवायला म्हणून जे देतात, ते मी कशाला घेऊ? शिवाय मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१मध्ये गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, तो वाद असो. माझ्या औषधासाठी मला तसेही लिव्हरचे रिपोर्ट काढत राहावे लागतात. बाटली पिशवीत परत गेली, थोडी रागातच.

अकराला हुडहुडी भरली. अंग तापलं की डावा डोळा पुन्हा धूसर होतो, ताप उतरला की निवळतो. जुन्याच घावाचं ते कुरकुरणं. मी डोळे मिटून पडले होते. मावशीने अंगावर एक गोधडी टाकली, मग दुसरी, आणि नागपूरच्या मे महिन्यात उठून कूलर बंद केला.