गोळा दिसला म्हणून स्टेम सेल सापडली, असं नाही

कॅन्सरच्या पेशी न चिकटणाऱ्या प्लेटमध्ये वाढवल्या आणि सातव्या दिवशी गोल गरगरीत गोळे तरंगताना दिसले की हात आपसूक कॅमेऱ्याकडे जातो. फोटो जरूर काढावा. त्याखाली ‘कॅन्सर स्टेम सेल्स’ असं लिहायची घाई मात्र करू नये. एखादी पेशी स्टेम सेल आहे की नाही हे तिच्या दिसण्यावरून नाही, ती काय करून दाखवते त्यावरून ठरतं. आपल्यासारखीच पेशी पुन्हा घडवणं आणि गाठीतल्या बाकीच्या तऱ्हेतऱ्हेच्या पेशीही घडवणं, ही दोन कामं तिला जमायला हवीत. ती जमतात का, हे पाहण्याची खात्रीची जागा आजही उंदीरच आहे: पेशी टोचायच्या आणि गाठ येते का बघायचं. प्लेटमधला गोळा फार तर पहिली चाळणी.

१९९४ आणि १९९७ मध्ये टोरोंटोच्या जॉन डिक यांच्या गटाने रक्ताच्या कॅन्सरमध्ये हेच उंदरात दाखवलं. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठात स्तनाच्या गाठीतल्या पृष्ठभागावर सीडी४४ हे प्रोटीन असलेल्या आणि सीडी२४ हे प्रोटीन नसलेल्या (किंवा अगदी कमी असलेल्या) जेमतेम १०० पेशींनी उंदरात गाठ उभी केली. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात शर्मिला बापट यांच्या गटाने ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये पोटात साठणाऱ्या पाण्यातून अशा पेशींचे क्लोन वेगळे केले. त्यांचा पेपर २००५ चा.

आता गोळ्यांकडे वळू. उदाहरणाला एमसीएफ-७ ही स्तनाच्या कॅन्सरची सेल लाइन (लॅबमध्ये कायम वाढवल्या जाणाऱ्या पेशी) घेऊ. फ्लास्कचा तळ पेशींनी ७० ते ८० टक्के भरलेला असावा, खच्चून भरलेला नको. ट्रिप्सिन या प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमने तळाच्या पेशी सोडवल्यावर ट्रिप्सिन थांबवायला आपण सीरम घालतो आणि पहिली चूक इथेच होते. ते सीरम नीट धुतलं नाही तर पेशी तळाला चिकटतात, पसरतात आणि ‘गोळे का येत नाहीत’ म्हणून आठवडा वाया जातो. पीबीएस या मिठाच्या द्रावणाने दोनदा धुवा. मग २५ गेजच्या सुईतून चार-पाच वेळा हळूच वर-खाली करा. जोरात केलं तर पेशी फुटतात, फुटलेल्या पेशींचा डीएनए चिकट होतो आणि उरलेल्यांना धरून ठेवतो. शेवटी ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या काचेवर) नुसता आकडा मोजून उठू नका, एकमेकींना चिकटलेल्या जोड्या किती आहेत तेही बघा. शंभरात पाचाहून जास्त दिसल्या तर पुन्हा गाळा.

मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, डीएमईएम/एफ१२. त्यात बी२७ हे सीरमऐवजीचं पूरक एकपट, ईजीएफ आणि बेसिक एफजीएफ हे दोन ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायला लावणारी प्रोटीनं) प्रत्येकी २० नॅनोग्रॅम प्रति मिली, हेपारिन ४ मायक्रोग्रॅम प्रति मिली. हेपारिन अनेक जण ‘असलं काय नि नसलं काय’ म्हणून गाळतात. पण बेसिक एफजीएफ ३७ अंशांवर फार टिकत नाही आणि हेपारिन त्याला सावरून धरतं. ग्रोथ फॅक्टरचे छोटे भाग करून गोठवावेत. एकच नळी दहादा वितळवली की पुढे सगळ्याचा दोष पेशींवर येतो.

प्लेट न चिकटणारीच हवी. तयार प्लेट महाग पडते, म्हणून पॉलीहेमा या न चिकटणाऱ्या पॉलिमरचा थर लॅबमध्येच दिला जातो: ९५ टक्के इथेनॉलमध्ये १२ मिलिग्रॅम प्रति मिली, हूडमध्ये पूर्ण वाळवून. थर पातळ किंवा ठिकठिकाणी सुटलेला असला तर पेशी नेमक्या कडेला चिकटतात. पेशी न घालता थोडा मीडिया टाकून एक वेल (प्लेटमधला खळगा) आधी तपासलेला बरा.

पेशी किती टाकायच्या, ही खरी मेख. चौरस सेंटिमीटरला ५०० हा चांगला आकडा आहे. सहा वेलच्या प्लेटचा एक वेल साधारण ९.५ चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे वेलमागे ४,७५० पेशी, २ मिली मीडियात. ‘जास्त टाकल्या तर जास्त गोळे’ म्हणून कुणी ५०,००० टाकतो. गोळे खरोखरच जास्त येतात, फक्त ते एका पेशीतून वाढलेले नसतात, शेजारच्या पेशी एकमेकींना चिकटून झालेले असतात. पाच ते सात दिवस प्लेट हलवू नका. रोज बाहेर काढून बघणं हे तर पेशी एकत्र करायचं उत्तम साधन आहे, कारण हलवलं की तरंगत्या पेशी मध्यभागी जमतात.

सूक्ष्मदर्शकाखाली फरक ओळखायला सोपा आहे. एका पेशीतून वाढलेला गोळा बेसनाच्या लाडवासारखा दिसतो: कड गुळगुळीत, आतल्या पेशी सुट्या ओळखू येत नाहीत. नुसता जमाव बुंदीच्या लाडवासारखा, कळी न् कळी मोजता येते. तरी डोळ्यांवर विसंबू नये. निम्म्या पेशी हिरव्या आणि निम्म्या लाल चकाकणाऱ्या घेऊन एकत्र लावा. दुरंगी गोळे निघाले तर पेशींची संख्या कमी करा किंवा मीडियात १ टक्का मेथिलसेल्युलोज घालून तो घट्ट करा.

५० मायक्रॉनपेक्षा मोठे तेवढेच मोजा. गोळ्यांची संख्या भागिले टाकलेल्या पेशी गुणिले १००, ही झाली टक्केवारी. मग गोळे सुटे करून दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीला पुन्हा तेवढ्याच पेशी लावा. पहिल्या पिढीतला आकडा फारसं काही सांगत नाही, कारण थोडेच दिवस विभागू शकणाऱ्या पेशीही एक गोळा करून दाखवतात. गोळे फार मोठे होईपर्यंत थांबू नका, ऑक्सिजन न पोचल्याने त्यांचा मधला भाग मरतो.

औषधांच्या चाचणीत एक घोळ सर्रास दिसतो. गोळे वाढतानाच मीडियात औषध घालतात, गोळे कमी आले की ‘स्टेम सेल्स मारल्या’ म्हणतात. विभाजन थांबवणारं कुठलंही औषध हे करेल. आधी चिकटलेल्या पेशींना औषध द्या, धुवा, जिवंत पेशी मोजा आणि त्यातल्या सारख्या संख्येने औषधाविना गोळ्यांना लावा.

मार्करचंही, म्हणजे पेशी ओळखायच्या सीडी४४ सारख्या खुणांचंही, असंच. ट्रिप्सिन जास्त वेळ ठेवलं तर सीडी४४ पृष्ठभागावरून छाटला जातो आणि फ्लो सायटोमीटरवर (चकाकणाऱ्या रंगावरून एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर) पेशी खोट्याच ‘निगेटिव्ह’ दिसतात. त्यासाठी अॅक्युटेज किंवा ईडीटीए ही पेशी सोडवणारी सौम्य द्रव्यं वापरा. दुसरं म्हणजे मार्कर सगळीकडे सारखा उपयोगी नसतो. एमडीए-एमबी-२३१ या लाइनमध्ये बहुतेक सगळ्याच पेशी सीडी४४ पॉझिटिव्ह, सीडी२४ निगेटिव्ह असतात. तिथे त्या गेटने (यंत्रावर आखलेल्या निवडीच्या सीमेने) काय वेगळं काढणार?

अॅल्डिफ्लोर चाचणीत एएलडीएच हे एन्झाइम जास्त असलेल्या पेशी रंगाने उजळतात. तिथे प्रत्येक नमुन्याला त्याचाच डीईएबी कंट्रोल (ते एन्झाइम रोखणारं डीईएबी घातलेली तुलनेची नळी) हवा. रंग घातल्यावर लगेच अर्धा मिली डीईएबीच्या नळीत न्यावा लागतो. दोन मिनिटं रेंगाळलात की कंट्रोलही उजळतो आणि खऱ्या पॉझिटिव्ह पेशी गेटखाली जातात. ३७ अंशांवर अर्धा-पाऊण तास झाला की पुढे बर्फावर आणि किटच्याच बफरमध्ये ठेवा. पीबीएसमध्ये धुतल्या तर पेशी रंग बाहेर फेकून देतात. शिवाय हा रंग हिरवा, तेव्हा सीडी४४ ची अँटिबॉडी एफआयटीसी या हिरव्याच रंगात घेऊ नका.

गोळा करू शकणाऱ्या पेशींचं प्रमाण मोजायला लिमिटिंग डायल्युशन लावा, म्हणजे वेलमागे कमी कमी पेशी टाकत जा. समजा २४ वेलमध्ये प्रत्येकी ५० पेशी टाकल्या आणि ९ वेल गोळ्याविना रिकामे निघाले. रिकाम्यांचं प्रमाण ०.३७५, त्याचा ऋण नैसर्गिक लॉगॅरिदम ०.९८, ५० ला त्याने भागलं की साधारण ५१ पेशींत एक. हे झालं एकाच मात्रेचं गणित. चार-पाच मात्रा (वेलमागे पेशींच्या संख्या) अशा निवडा की काही वेल भरतील, काही रिकामे राहतील. सगळेच भरले तर प्रमाणाचा नीट अंदाज बांधता येत नाही. अनेक मात्रांचा हिशोब एल्डा हे मोफत वेबसाधन अंदाजाच्या खालच्या-वरच्या मर्यादांसकट करून देतं.

उंदरातही आकडा उंदरावर अवलंबून असतो. मेलानोमात (त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार) एनओडी/स्किड या दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या उंदरांत अशा पेशी दहा लाखांत एखादीच वाटायच्या. २००८ मध्ये मिशिगनमध्ये प्रतिकारशक्तीच्या एनके पेशीही नसलेले उंदीर घेतले, मॅट्रिजेल हे प्रोटीनचं जेल मिसळलं आणि जास्त दिवस वाट पाहिली, तेव्हा साधारण चारांत एक पेशी गाठ करू लागली. अँटिबॉडीही धोका देते. सीडी३८ या मार्करची अँटिबॉडी लावलेल्या ल्युकेमियाच्या पेशी उंदराची प्रतिकारशक्तीच साफ करते, हे त्याच वर्षी लंडनच्या गटाने दाखवलं होतं.

आणि मार्करवरून पेशी सॉर्ट (वेगळ्या) केल्यावर निगेटिव्ह पेशींची नळी टाकून देऊ नका. दोनेक आठवड्यांनी तिच्यातही सीडी४४ वाल्या पेशी दिसू लागल्या तर सॉर्टमध्ये मिसळ झाली की पेशींनी खरोखर रूप बदललं, हे कळायला वेलमागे एकच निगेटिव्ह पेशी टाकलेली प्लेट पहिल्याच दिवशी बाजूला लावलेली असावी. पेशी एकच आहे, हे त्या संध्याकाळीच प्रत्येक वेल बघून वहीत नोंदवा.