मनिलात शके ८२२

फिलिपिनी लोकांचा इतिहास वाचायला घ्या, पहिल्याच पानावर मॅगेलन भेटतो. १५२१ साली तो या बेटांवर उतरला, मॅक्टन बेटावर तिथला सरदार लापूलापू याच्या माणसांनी त्याला लढाईत मारलं, आणि पुढे स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजावरून बेटांना नाव पडलं. मनिलाच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात एका ताम्रपटासमोर उभं राहिल्यावर मला ही सुरुवात अन्यायाची वाटू लागली.

वीतभर रुंद, दीड वीत लांब, काळपट पत्रा. १९८९ साली लागुना प्रांतात नदीतली वाळू काढताना तो मिळाला. लिपी जावाकडची कावी, भाषा जुनी मलय, मधूनमधून संस्कृत. पण पहिली ओळ मराठी माणसाला दुभाष्याशिवाय कळते: स्वस्ति, शकवर्ष ८२२, वैशाख मास, कृष्ण चतुर्थी, सोमवार. आपलं पंचांग आजही हाच शक मोजतं. इसवी सनात सांगायचं तर ९०० साल, म्हणजे मॅगेलनच्या आधी सहाशेहून जास्त वर्षं.

मजकूर ना राजाच्या पराक्रमाचा, ना देवाच्या स्तुतीचा. तो कर्जमाफीचा कागद आहे. नामवरान नावाच्या गृहस्थाच्या कुटुंबावर १ कटी ८ सुवर्ण एवढं सोन्याचं देणं होतं, ते फिटलं, याला गावोगावचे प्रमुख साक्षी आहेत. त्यात तोंदोचं नाव आहे. तोंदो आज मनिलाचाच गजबजलेला भाग. पुढे कधी कोणी म्हणालं की हे कर्ज फिटलेलं नाही, तर... आणि तिथेच वाक्य तुटतं. सोन्याची मापं, देण्याघेण्याचे नियम, साक्षीदार, लिहिणारा हात, सगळं इथे आधीपासून होतं. माझ्यासाठी या लोकांचा इतिहास या पत्र्यापासून सुरू होतो.

मनिलाशेजारच्या मकाती शहरात, आयाला संग्रहालयात, दक्षिणेकडच्या सुरिगाव भागात १९८१ साली सापडलेलं सोनं मांडलंय. त्यात खांद्यावरून तिरकं घालायचा, जानव्यासारखा सोन्याचा गोफ आहे, वजन सुमारे ४ किलो. तो घालून कोण मिरवत असेल, याचा विचार मी अजून करतोय.

राष्ट्रीय संग्रहालयातून बाहेर पडलं की रिसाल उद्यान, आणि तिथून चालत इंट्रामुरोस, म्हणजे तटबंदीतलं जुनं शहर. राजा सुलेमानचा लाकडी कोट होता त्याच जागी स्पॅनिशांनी सांतियागो किल्ला बांधला. १५७१ मध्ये स्पॅनिश सेनानी लेगास्पीने मनिला राजधानी केली. १५६५ पासून १८१५ पर्यंत या बेटांतून मेक्सिकोच्या आकापुल्कोला गलबतं जात. जाताना चिनी रेशीम, येताना चांदी. रेशीम आणणाऱ्या चिनी व्यापाऱ्यांपैकी जे ख्रिस्ती झाले, त्यांच्यासाठी १५९४ साली बिनोंदो ही वस्ती वसली.

किल्ल्यात होसे रिसालची कोठडी आहे. डोळ्यांचा डॉक्टर, दोन कादंबऱ्यांचा लेखक, वय ३५. ३० डिसेंबर १८९६ च्या सकाळी स्पॅनिशांनी त्याला बंडाच्या आरोपावरून इथून गोळ्या घालायला नेलं. तो चालत गेला त्या वाटेवर धातूची पावलं बसवली आहेत, आणि मी ती चुकवत कडेकडेने चाललो. त्यांच्यावर पाय ठेवणं मला जमेना. निरोपाची कविता त्याने एका छोट्या स्टोव्हमध्ये लपवून घरच्यांकडे पोचवली. मरताना पाठमोरा उभा करून गोळ्या घातल्या, तरी शेवटच्या क्षणी त्याने अंग वळवलं.

यानंतरचं मला सगळ्यात जास्त टोचतं. १२ जून १८९८ ला काविते प्रांतात कावितला क्रांतिकारकांचा नेता आगिनाल्दो याने स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं. तेव्हा स्पेन आणि अमेरिकेचं युद्ध चालू होतं. दोन महिन्यांनी, १३ ऑगस्टला, स्पॅनिश आणि अमेरिकन सेनापतींनी आधीच ठरवून लुटुपुटुची लढाई केली आणि मनिला अमेरिकेच्या ताब्यात गेली. शहराला वेढा घालून बसलेल्या फिलिपिनी सैनिकांना तटाच्या आत येऊ दिलं नाही. डिसेंबरात स्पेनने २ कोटी डॉलर घेऊन अख्खा देश अमेरिकेच्या हवाली केला. मग आली अमेरिकेविरुद्धची लढाई. स्वातंत्र्य उजाडलं ४ जुलै १९४६ ला.

त्याआधी १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जपानी आणि अमेरिकन सैन्याच्या झटापटीत मनिलातले सुमारे एक लाख नागरिक मेले. तटाच्या आतल्या सात चर्चपैकी १६०७ साली पुरं झालेलं सान आगुस्तिन तेवढं उभं राहिलं.

वेळ काढून मनिलाच्या पूर्वेला काइंता गावातही जा. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला घेतली, तेव्हा त्यांच्या फौजेत मद्रासकडचे हिंदी शिपाई होते. १७६४ ला इंग्रज परतले. शिपायांपैकी बरेच मात्र फौज सोडून इथेच राहिले, इथल्याच बायकांशी लग्नं केली, आणि काइंताची काही घराणी आजही आपलं मूळ त्यांच्यापाशी सांगतात.