हा ठिपका आता कुणाचा?

स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि डोळ्यांपुढे उभा राहिला तो विज्ञानाच्या तासाचा फळा. बाई आयनिक संयुगांची, म्हणजे एका अणूने दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देऊन बनलेल्या संयुगांची, इलेक्ट्रॉन ठिपका संरचना शिकवत होत्या. सर्वांत बाहेरच्या कवचातला एकेक इलेक्ट्रॉन म्हणजे एकेक ठिपका. गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली मांडलेली ही पद्धत.

आतल्या कवचापासून बाहेर इलेक्ट्रॉन मोजत सोडिअम २, ८, १ आणि क्लोरीन २, ८, ७ हे वर्गाला पाठ होतं. मला फळ्यापाशी बोलावलं. क्लोरीनच्या रेणूत दोन अणू एक जोडी वाटून घेतात, तिथे काढतात तसेच मी सोडिअम आणि क्लोरीनच्या मधोमध दोन ठिपके काढले. बाईंनी त्यातल्या एकावर बोट ठेवलं.

"हा आता कुणाचा?"

"दोघांचा, बाई."

"सोडिअमने देऊन टाकला ना? मग दोघांचा कसा?"

त्यांनी सोडिअमचा ठिपका पुसला. क्लोरीनभोवती सात ठिपके आणि सोडिअमकडून आलेली एक फुली, असे आठ, म्हणजे बाहेरच्या कवचाचं अष्टक, पुरे केले. दोघांना वेगवेगळे चौकटी कंस, कंसाबाहेर वरच्या कोपऱ्यात सोडिअमला अधिक, क्लोरीनला उणे प्रभार. मधली जागा मोकळी. तिथे रेघ मारलेली त्यांना मुळीच खपत नसे. रेघ म्हणजे भागीदारीची जोडी; इथे बांधून ठेवते ती विरुद्ध प्रभारांची ओढ. आणि मिठाच्या स्फटिकात तर प्रत्येक सोडिअम आयनाला, म्हणजे प्रभार आलेल्या अणूला, क्लोरीनचे सहा क्लोराइड आयन वेढून असतात, मग रेघ नेमकी कुणाकडे काढणार?

उघडाबोडका सोडिअम पाहून मी विचारलं, "याचं अष्टक कुठे गेलं?" तिसरं कवच रिकामं झालं, आता आठांचं दुसरं कवच बाहेरचं, हे त्यांनी वर्तुळं काढून दाखवलं.

ॲल्युमिनिअम ऑक्साइडला मात्र अख्खा तास गेला. ॲल्युमिनिअम तीन देणार, ऑक्सिजनला हवेत दोन. एकाला एक घेतला तर एक ठिपका उरतो. आणखी एक ऑक्सिजन आणला तर त्याला एक कमी पडतो. मग दुसरा ॲल्युमिनिअम, तिसरा ऑक्सिजन. सहा दिले, सहा घेतले! तोवर घोकलेलं सूत्र मोजून काढता येतं, हे कळल्याचा तो आनंद आजही ताजा आहे.

तास संपता संपता मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "बाई, क्लोरीनला कळतं का, फुलीवाला कुठला ते?"

बाई खडू ठेवता ठेवता थांबल्या. म्हणाल्या, "फुली आपल्या मोजणीसाठी रे. तिथे आठही सारखेच."