अंदमानहून घरी
काल रात्री पुण्यात पोचलो. बॅगा अजून हॉलमध्येच पडल्यात, पोरांच्या खिशांतून राधानगर बीचची वाळू निघतेय.

तिकडे हिवाळ्यात पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, त्यामुळे दोघंही आठला गाढ झोपायची. धाकटीला किनाऱ्यावर सुंदर शंख सापडला. तिथून शंख, प्रवाळ आणायला मनाई आहे, हे सांगितल्यावर तिने तो आपणहून पाण्याशी ठेवला. "खेकड्याला घर लागेल ना, आई?" इतका अभिमान वाटला तिचा! सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीत थोरला बराच वेळ गप्प उभा होता. मग विचारलं, "खेळायला कुणीच नव्हतं?"

आज सासूबाईंनी वरणभात केला, दोघांनी मागून मागून खाल्ला. उद्या शाळा. लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर बिनधास्त विचारा, सगळं सांगते.