रविवारी रात्री ठरलं, सोमवारी डिस्नीलँड

पॅरिसच्या मुक्कामात आम्ही सोमवार मुद्दाम मोकळा ठेवला होता. व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद, ऑर्से संग्रहालयही बंद. त्यामुळे त्या दिवशी उशिरा उठायचं, नदीकाठी फिरायचं, एवढाच बेत होता. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर लेकीने विचारलं, "मग उद्या डिस्नीलँडला गेलो तर?" धाकट्याने लगेच खुर्चीवर उभं राहून पाठिंबा दिला. नवरा माझ्याकडे बघायला लागला, मी सासूबाईंकडे. आई म्हणाल्या, "माझी अडचण करू नका. मला बसायला जागा मिळाली की झालं."

ठरलं तिथेच. पुढचा तासभर आम्ही जे केलं, त्यावर दुसरा सगळा दिवस उभा राहिला. म्हणून आधी त्याबद्दल सविस्तर लिहिते.

पहिलं काम तिकिटांचं. तिथली एक दिवसाची तिकिटं तारखेला बांधलेली असतात आणि दर तारखेप्रमाणे बदलतात. जूनची सुरुवात होती, फ्रेंच शाळांची मोठी सुट्टी जुलैत लागते, शिवाय सोमवार. त्यामुळे आदल्या रात्रीही फोनवर तिकिटं मिळाली. तीन ते अकरा वर्षांपर्यंत मुलांचं तिकीट, बाराव्या वर्षापासून मोठ्यांचं. लेक अकरा वर्षांची, म्हणजे अजून मुलांमध्ये. शेजारी शेजारी दोन पार्क आहेत, 1992 मध्ये उघडलेलं मूळ डिस्नीलँड पार्क आणि त्यानंतर दहा वर्षांनी आलेलं दुसरं. दोन्हींचं एकत्र तिकीटही मिळतं. आम्ही फक्त मूळ पार्क घेतलं आणि माझ्या मते अचानक ठरलेल्या सहलीत हेच करावं. दोन पार्कांच्या मध्ये धावत राहिलं की दोन्ही अर्धीच बघून होतात.

दुसरं काम मोजमापाचं. धाकट्याला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं आणि पुस्तक डोक्यावर ठेवून पेन्सिलीने खूण केली. एक मीटर अकरा सेंटिमीटर. तिथल्या मोठ्या राइडना उंचीची अट असते आणि ती काटेकोर पाळतात. बिग थंडर माउंटन या रोलर कोस्टरला 1.02 मीटर, हायपरस्पेस माउंटन या अंधारातल्या रोलर कोस्टरला 1.20. त्याला सांगितलं, "हे बघ, डोंगरातल्या आगगाडीत तू बसणार. अंधारातल्या रॉकेटमध्ये मात्र अजून दोन वर्षांनी." तो थोडा हिरमुसला, मग डोंगरातल्या आगगाडीचे व्हिडिओ बघायला मागितले. रांगेत उभं राहून उभं राहून अगदी दाराशी पट्टीपाशी पोचल्यावर "नाही" ऐकणारी मुलं दुसऱ्या दिवशी मी पाहिली. त्यांचे चेहरे बघवत नव्हते. ही निराशा आदल्या रात्री घरात, सगळे जवळ असताना आटोपलेली फार बरी.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं होतं. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, जी काहीही झालं तरी चुकवायची नाही. लेकीने रॉकेट सांगितलं, धाकट्याने डोंगरातली आगगाडी. नवऱ्याने भुताचा वाडा. आई आधी "मला काही नको" म्हणत राहिल्या, मग म्हणाल्या, "रात्री त्या किल्ल्यावर रोषणाई करतात ना, ती बघायची." मी बाहुल्यांची बोट सांगितली. झाल्या पाच गोष्टी. बाकी जे मिळेल ते वरकड. कुटुंबात सगळ्यांना सगळं हवं असतं आणि ते शक्य नसतं. पण ज्याची त्याची एक गोष्ट पक्की झाली की बाकीच्या सोडून देता येतात आणि कुणाच्या मनात काही राहत नाही.

आईंच्या रोषणाईने वेळापत्रकच ठरवून टाकलं. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे रोषणाई अंधार पडल्यावर, चांगलीच उशिरा. सकाळी दार उघडताच हजर राहा, पहिल्या तासात रांगा छोट्या असतात, असा सल्ला सगळे देतात आणि तो खराही आहे. पण सहा वर्षांचं मूल आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी सकाळी साडेनऊपासून रात्री अकरापर्यंत उभ्या राहणार नाहीत. आम्ही सकाळ सोडली आणि रात्र घेतली.

आम्ही नासियों चौकाजवळ उतरलो होतो, तिथून आरईआर ए ही उपनगरी गाडी थेट जाते. 2025 पासून विमानतळ सोडून पॅरिसच्या सगळ्या परिसरात मेट्रो आणि आरईआरला एकच तिकीट चालतं, त्यामुळे वेगळं काही काढावं लागत नाही. लक्ष फक्त फलाटावरच्या पाटीवर ठेवायचं. व्हँसेन स्टेशननंतर या मार्गाला दोन फाटे फुटतात. एक ब्वासीकडे जातो, दुसरा मार्न-ला-व्हालेकडे. त्या दुसऱ्या फाट्यावरच्याही काही गाड्या अलीकडेच संपतात. पाटीवर मार्न-ला-व्हाले शेसी या नावासमोर दिवा असेल तीच गाडी आपली. साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांत शेवटचं स्टेशन येतं, आणि वर आलं की समोरच पार्क. आईंना चालावं लागलं ते अगदी थोडं.

हा सगळा भाग एके काळी बिटाच्या शेतांचा होता. युरोपातल्या पार्कसाठी स्पेनचाही विचार चालला होता. तिथे ऊन होतं, समुद्र होता. पण फ्रान्स मध्यावर पडतं आणि पॅरिसला येणाऱ्यांची गर्दी आयती मिळते. 1987 मध्ये फ्रेंच सरकारशी करार झाला. पावसाचं काय करायचं, याचं उत्तर आम्हाला आत शिरल्यावर दहाव्या मिनिटाला मिळालं. सर आली आणि आम्ही मेन स्ट्रीट या पार्कातल्या मुख्य रस्त्याच्या दुकानांमागे वळलो. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लांबलचक झाकलेल्या गल्ल्या आहेत, थेट किल्ल्याच्या चौकापर्यंत नेणाऱ्या. पावसाळी हवेचा विचार करूनच त्या बांधल्यात. बाहेर लोक रेनकोट शोधत होते आणि आई गॅसच्या जुन्या धाटणीचे दिवे बघत आरामात चालल्या होत्या.

किल्ला गुलाबी आहे. फोटोत तो मला फार गोडगोड वाटायचा, पण प्रत्यक्षात करड्या ढगांवर तो रंग सुरेख उठून दिसतो. फ्रान्समध्ये खरेखुरे किल्ले पावलोपावली. तिथल्या माणसांना आणखी एक खरा वाटणारा किल्ला दाखवून काय उपयोग? म्हणून रचनाकारांनी तो उघडपणे परीकथेतला केला. मागची झाडंसुद्धा चौकोनी कापलेली, चित्रातून उचलल्यासारखी. किल्ल्याच्या पोटात एक गुहा आहे. आत अंधार, पाणी, आणि साखळदंडाने बांधलेला प्रचंड ड्रॅगन. तो श्वास घेतो, मान उचलतो, नाकातून धूर सोडतो. धाकटा माझ्या मागे लपला, मग आजीच्या पुढे उभा राहून म्हणाला, "आजी, तू घाबरू नकोस." इथे रांग नाही, तिकीट नाही, हवा तितका वेळ उभं राहा. बरेच लोक किल्ल्याखालून सरळ निघून जातात, त्यांना हे खाली आहे याचा पत्ताच नसतो. तुम्ही चुकवू नका.

फँटसीलँडचा भाग आम्ही दुपारीच उरकला, कारण रोषणाईच्या आधी तो बाकीच्या पार्कपेक्षा लवकर बंद होतो. पीटर पॅनच्या उडत्या जहाजाची रांग तासापलीकडे गेलेली होती. पार्कच्या अॅपवर हे आकडे सतत दिसतात. कुणाच्याच एका गोष्टीत ते जहाज नव्हतं, त्यामुळे सोडताना वाद झाला नाही. त्याऐवजी मुलं घोड्यांच्या चक्रीत बसली. बाहुल्यांची बोट मात्र माझी. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' ही कल्पना मुळात 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातली, युनिसेफसाठी केलेली. सावकाश वाहणाऱ्या बोटीत बसायचं आणि दोन्ही काठांवर जगभरच्या पोशाखातल्या बाहुल्या गात असतात. लहान मुलांची गोष्ट म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. पाचही जण एका बोटीत, एकाच वेळी, एकच गोष्ट बघत होतो, असं दिवसभरात फार थोड्या ठिकाणी झालं.

लेकीच्या रॉकेटला आम्ही बेबी स्विचची सोय वापरली. ज्यांच्याबरोबर लहान मूल आहे, त्यांच्यापैकी एक मोठा माणूस रांगेतून जाऊन येतो, दुसरा मुलाजवळ थांबतो, आणि नंतर त्या दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. दारावरच्या कर्मचाऱ्याला आधी सांगायचं, एवढंच. नवरा आणि लेक गेले तेवढ्यात मी धाकट्याला शेजारच्या नॉटिलस पाणबुडीत नेलं. गोल जिन्याने खाली उतरून चालत बघायची ही पाणबुडी आहे. मोठ्या काचेपलीकडे एक राक्षसी समुद्रप्राणी येऊन पाणबुडीला विळखा घालतो. तिथून तो हलेचना. आपण रॉकेटमध्ये नाही, हे तो साफ विसरला होता.

मग माझी पाळी. हे रॉकेट 1995 मध्ये फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नच्या कल्पनेवर सुरू झालं, तोफेतून चंद्राकडे झेपावणाऱ्या माणसांवर. आता आतली सजावट वेगळी आहे, पण तोफ तशीच. इतर रोलर कोस्टरसारखं हळूहळू चढून वर जाणं नाही. तिरप्या तोफेत गाडी क्षणभर थांबते आणि पुढच्या क्षणी पाठ सीटला चिकटते. आत काळोख, आणि त्या काळोखात तीन वेळा उलटं. पुढचं वळण दिसत नसल्यामुळे अंग आधी तयार होत नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे. बाहेर आले तेव्हा लेक वाट बघत होती. "आई, तू ओरडलीस का?" ओरडले, मनसोक्त.

भुताच्या वाड्यात आई बसल्या, याचं मला सगळ्यात अप्रूप वाटलं. फँटम मॅनरला उंचीची अट नाही, धक्के नाहीत, दोन-तीन जणांची बैठक सावकाश सरकते. चढताना पायाखालचा पट्टाही सरकता असतो. आईंचे गुडघे दुखतात असं सांगितल्यावर तो थोडा वेळ हळू केला. आत एका मोठ्या दालनात आरपार दिसणारी भुतं नाचताना दिसतात. नवऱ्याला तेच बघायचं होतं. ही युक्ती एकोणिसाव्या शतकातल्या रंगभूमीची, लंडनमध्ये जॉन हेन्री पेपरने 1862 मध्ये लोकप्रिय केलेली. मोठी काच तिरपी किंवा समोर उभी करतात, खऱ्या आकृत्या प्रेक्षकांच्या नजरेआड ठेवून उजळतात आणि त्यांचं प्रतिबिंब काचेत पडतं. रात्री खोलीत दिवा लावून खिडकीबाहेर बघितलं की आपणच अंगणात उभे दिसतो ना, तेच. आईंनी बाहेर येऊन विचारलं, "म्हणजे ती भुतं खरी आपल्याच बाजूला होती?" आणि हे कळल्यावर त्यांना पुन्हा आत जायचं होतं.

धाकट्याचा डोंगर आम्ही संध्याकाळी आठनंतर घेतला. लहान मुलांची कुटुंबं परतू लागली होती आणि रांग दुपारच्या निम्म्यावर आली होती. इथला बिग थंडर तळ्यातल्या बेटावर आहे. स्टेशन काठावर, डोंगर पाण्यापलीकडे. त्यामुळे गाडी सुटल्याबरोबर बोगद्यात शिरते, पाण्याखालून जाते आणि बेटावर बाहेर येते. परततानाही तसंच, फक्त वेग कितीतरी जास्त. आम्ही विनंती करून शेवटचा डबा घेतला. उंचवटा ओलांडताना पुढचे डबे आधीच उतरायला लागलेले असतात आणि मागच्याला खेचून नेतात, त्यामुळे शेवटच्या डब्यात बसलेला माणूस जागेवरून उचलला जातो. धाकट्याने दांडी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. उतरल्यावर पहिला प्रश्न, "परत?" रांग परवडणारी होती. परत गेलो.

त्यादरम्यान आई तळ्याकाठच्या बाकावर बसून होत्या. त्यांच्या शेजारी एक फ्रेंच आजी नातवंडांचे रेनकोट सांभाळत बसल्या होत्या. भाषा एकमेकींची येत नव्हती, पण आम्ही परतलो तेव्हा दोघींनी एकमेकींना नातवंडांचे फोटो दाखवून झाले होते.

रोषणाईला किल्ल्यासमोर लोक तासभर आधीपासून जमिनीवर बसतात. आईंना जमिनीवर बसणं जमत नाही. आम्ही मेन स्ट्रीटवर मागे, फुटपाथच्या कडेचा बाक धरला. जवळून सगळं भव्य दिसत असेल, पण मागून किल्ला, त्याच्यावर सरकणारी चित्रं, कारंजी आणि फटाके हे सगळं एका नजरेत मावतं, मानही वर करावी लागत नाही. धाकटा दुपारी भाड्याच्या बाबागाडीत तासभर झोपला होता, म्हणून जागा होता. आई सबंध वेळ काही बोलल्या नाहीत, लेकीचा हात मात्र हातात धरून होत्या.

संपल्यावर सगळी गर्दी एकदम स्टेशनकडे निघते. आम्ही पंधरा-वीस मिनिटं झाकल्या गल्लीत थांबलो आणि मग निघालो. शेवटचं स्टेशन असल्याने गाडी रिकामी येऊन उभी राहते, पाचही जणांना बसायला मिळालं. धाकटा तोर्सी स्टेशन येण्याआधीच झोपला. लेक आणि नवरा रॉकेटबद्दल वाद घालत होते. मला वाटलं आईंचाही डोळा लागलाय, तर त्या म्हणाल्या, "अगं, त्या तळ्यात मोठ्या चाकाची आगबोट होती बघ. तिच्यात बसायचं राहिलं."

"पुढच्या वेळी आजी, तुझी एक गोष्ट तीच," लेक म्हणाली.

"एक कशाला? रोषणाई आहेच, आगबोट वरकड."